आश्विनातली गोड भीती

ऑक्टोबर संपत आला की हल्ली शिरूर-दौंडच्या घरांतूनही एक प्रश्न ऐकू येतो. पुण्याला राहणारी बहीण किंवा नणंद फोनवर फोटो पाठवते. तोंडाला पांढरी पावडर फासलेली, डोळ्यांखाली काजळ माखलेली पोरं सोसायटीत दारोदार हिंडताहेत, हातात भोपळ्याच्या आकाराची प्लॅस्टिकची बादली, बादलीत चॉकलेटं! ते बघून आपला बंड्या विचारतो, "आई, आपल्याकडे भुतांचा सण का नाही गं?"

आणि आपण काय म्हणतो? "गप बस, भलतंच काही!" नाहीतर, "ते इंग्रजी शाळेतल्या मुलांचं खूळ आहे." प्रश्न तिथंच संपतो.

पण मैत्रिणींनो, प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर असं की आपल्याकडे तो सण आहे, आणि एका रात्रीचा नाही, चांगला महिनाभराचा आहे. सर्वपित्री अमावास्येपासून दिवाळीपर्यंत. फक्त आपण त्याला तसं नाव दिलेलं नाही. या महिन्यातलं भ्यायचं काय, हसायचं काय आणि खायचं काय, याचा नीट बेत आखला तर बंड्याला पुण्याच्या भाच्यांचा हेवा वाटायचं कारण उरणार नाही. मात्र भीती ही मिठासारखी असते, बरं का! ती किती घालायची, हे ठरवणारा हात आईचाच असायला हवा. आज त्याबद्दलच बोलू या.

भोपळ्यातली म्हातारी

आधी बंड्याला हॅलोवीन म्हणजे काय ते सांगू. मूळचा हा सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. १ नोव्हेंबर हा ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा दिवस. त्याची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, ती हॅलोवीन. पिकं घरात आली, रात्री लांबल्या, थंडी पडू लागली, की गेलेली माणसं एका रात्रीपुरती परत फिरकतात, अशी तिकडची जुनी समजूत. तिथले लोक सलगमासारखे कंद कोरून त्यात दिवा लावत. पुढे ते अमेरिकेत गेले, तिथं त्यांना भोपळा मिळाला. आकारानं मोठा आणि कोरायला सोपा! तेव्हापासून भोपळाच या सणाचं निशाण झाला.

आता जरा आपल्याकडे बघा. भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपणही गेलेल्या माणसांची आठवण काढतो, त्यांच्या आवडीचं रांधतो, कावळ्याला घास ठेवतो. वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. पावसाळा सरला, शेतात पीक उभं राहिलं, की माणसाला गेलेल्यांची आठवण येते. ही ओढ सगळीकडे सारखीच.

आणि भोपळा? तो तर आपला केव्हापासूनचा! लेकीच्या घरी निघालेली ती म्हातारी आठवते ना? वाटेत रान, रानात कोल्हा आणि वाघ. "आता नको खाऊस, लेकीकडे जाऊन तूप-रोटी खाऊन जाडजूड होऊन येते," असं सांगून ती सुटते. परतताना लेक तिला मोठ्या भोपळ्यात बसवते, आणि भोपळा वाघासमोरून गडगडत निघून जातो. मराठी घरात ही गोष्ट ऐकल्याशिवाय कुणाचं बालपण सरत नाही.

ही गोष्ट मुलांना इतकी का आवडते? त्यात वाघ आहे म्हणून. वाघ काढून टाका, मग राहील ती म्हातारीच्या प्रवासाची नुसती हकीकत. ती ऐकायला कोण बसेल? पण वाघाइतकाच महत्त्वाचा आहे तो भोपळा. वाघ आला की मूल आपल्याला चिकटतं, त्याच्या छातीत धडधडतं, हात गार पडतात. भोपळा गडगडला की तेच मूल खदखदून हसतं. आधी धडधड, मग हसू, आणि शेवटी घर. भीतीची मजा ती हीच. म्हणून एक खूणगाठ बांधून ठेवा: मुलाला वाघ दाखवायचा असेल, तर भोपळा आधी तयार ठेवायचा.

गोष्ट सांगता सांगता भोपळ्याचे घारगेही होऊ द्या. लाल भोपळ्याचा कीस दोन वाट्या घ्या. चमचाभर तुपावर परतून झाकण ठेवा आणि वाफ आणा. मग त्यात वाटीभर चिरलेला गूळ घालून तो विरघळेपर्यंत ढवळा. गार झाल्यावर चिमूटभर मीठ, वेलदोड्याची पूड, दोन चमचे तांदळाची पिठी, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट भिजवा. पाण्याचा थेंबही घालू नका, भोपळ्याच्या अंगचं पाणी पुरतं. तासाभरानं जाडसर पुऱ्या थापून मध्यम आचेवर तळा. आच मोठी ठेवलीत तर गुळामुळे वरून काळे होतील आणि आत कच्चे राहतील.

भोपळा कोरून दिवा करायचा असेल, तर अखंड छोटा भोपळा आणा. वरची टोपी कापून आतला गर डावानं काढा. गराचे घारगे होतील. बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून भाजा, मुखवासाला छान लागतात. काही घरांत अखंड भोपळा बाईनं आधी चिरू नये म्हणतात. तुमच्याकडे असं असेल तर पहिला काप यजमानांना घालू द्या. तेवढीच त्यांची स्वयंपाकघरात हजेरी लागेल! भोपळ्याला डोळे-नाक कोरताना सुरी मात्र मोठ्यांच्या हाती. मुलांना कोळशानं नुसतं चित्र काढू द्या.

जत्रेतला भूतबंगला

आता सगळ्यात तिखट पदार्थापासून सुरुवात करू. नवरात्रात देवीच्या ठाण्याजवळ किंवा गावाच्या मैदानात पाळणे येतात. सोबत मौत का कुआँ, हसरे आरसे, आणि कधी कधी तो काळ्या कापडाचा, सांगाड्याची चित्रं रंगवलेला भूतबंगला. आतून किंकाळ्यांची ध्वनिफीत लावलेली असते. बंड्या हात ओढायला लागतो आणि त्याच्यामागे चिंगीही.

बंड्या नऊ वर्षांचा असेल तर जाऊ द्या, तुम्हीही बरोबर जा. चिंगी चार वर्षांची असेल तर जरा थांबा. त्या वयाच्या मुलांना मुखवटा आणि चेहरा यांतला फरक पुरता उमगलेला नसतो. राक्षसाचा मुखवटा घातलेला मामा त्यांना मामा वाटत नाही, राक्षसच वाटतो. म्हणून घरात मुखवटा आणलाच, तर तो मुलांसमोर चढवा, मुलांसमोर काढा, मग त्यांच्या हाती द्या. एकदा चिंगीनं स्वतः मुखवटा घालून आजीला "भॉ!" केलं आणि आजी खोटं खोटं दचकली, की ती भीती चिंगीच्या ताब्यात आली.

दारापर्यंत गेल्यावर मूल "नको" म्हणालं, तर तिथूनच परत फिरा. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ देत. "भित्री भागूबाई," "मुलगा असून रडतोस," असं त्या वेळी कुणालाही बोलू देऊ नका, अगदी काकांनासुद्धा. आत गेल्यावर मूल घाबरलं, तर त्याला कडेवर घेऊन कानात हळूच सांगत राहा: "हा बघ दिवा. ही बघ दोरी, दोरीनं तो सांगाडा हलवतात." गुपित कळलं की भीतीची मजा होते. आणि बाहेर पडल्यावर लगेच घरी निघू नका. गरम भजी किंवा भाजलेलं कणीस घ्या, दोन मिनिटं बसा, आत काय काय पाहिलं ते मुलांना सांगू द्या. जे बोलून टाकलं, ते रात्री स्वप्नात यायचं प्रमाण कमी.

कोजागिरीची गच्ची

भूतबंगल्यापेक्षा जरा सौम्य, पण मजेत त्याहून सरस अशी रात्र म्हणजे आश्विन पौर्णिमेची. या रात्री लक्ष्मी "को जागर्ति?" म्हणजे कोण जागं आहे, असं विचारत फिरते, अशी कथा आहे. म्हणजे मुलांना जागरणाची परवानगी साक्षात देवीनंच दिलेली! घरातल्या थोरल्या अपत्याला या दिवशी ओवाळतात, तेवढं मात्र दुधाच्या गडबडीत विसरू नका.

गच्चीवर सतरंजी अंथरा, विजेचे दिवे घालवा. चांदणं असतंच. आळीतली मुलं गोळा झाली की ती आपसूक भुतांच्या गोष्टींकडे वळतात. त्यांना अडवू नका, पण गोष्टींना शिस्त लावा. पहिली गोष्ट मोठ्या माणसानं सांगावी आणि ती आपल्याच गावची वाटावी. दौंडचं जंक्शन, मध्यरात्रीची शिट्टी, रिकाम्या फलाटावर उतरलेला एकच प्रवासी. शिरूरला घोडनदीच्या काठी अंधारात ऐकू येणारी काठीची टकटक. एवढं पुरतं! रक्त, मुडदे, सूड यांची गरज नसते. गोष्टीतली भीती ही न दिसणाऱ्या वस्तूची असते.

दुसरा नियम असा की गोष्टीतलं भूत कधीही आळीतल्या खऱ्या बाईच्या नावाचं नसावं. "त्या कोपऱ्यावरच्या एकट्या राहतात ना, त्या..." असली गोष्ट सुरू झाली की तिथंच तोडा. मुलांच्या तोंडून ती सकाळपर्यंत गावभर होते आणि त्या बिचारीचं जगणं कठीण होतं.

तिसरा नियम: शेवटची गोष्ट हसवणारीच हवी. टकटक करणारं भूत शेवटी चष्मा हरवलेले आजोबा निघावेत. मुलं हसत हसत जिना उतरली पाहिजेत.

दुधाचं म्हणाल, तर एक लिटर म्हशीचं दूध पाऊण होईपर्यंत मंद आचेवर आटवा, मधून मधून कडेची साय आत ढकला. पाच-सहा लहान चमचे साखर घाला. बदाम, पिस्ते, काजू यांची जाडसर पूड तीन मोठे चमचे, वेलदोड्याची पूड अर्धा चमचा, आणि केशर असेल तर चार काड्या. जायफळ अगदी नखाएवढं उगाळून घाला, जास्त झालं तर दूध कडवट लागतं. एवढ्यात सहा जणांना लहान पेले पुरतात. काजू-पिस्ते परवडत नसतील तर खसखस आणि चारोळी भाजून, वाटून घाला. चव कुठेही कमी पडणार नाही.

कुंडावरचा दिवस

रात्रीची भीती झाली, आता दिवसाची एक सहल. शिरूरहून तासाभराच्या आत कुकडी नदीवरचे रांजणखळगे आहेत. एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज, दुसऱ्या काठाला आपल्या शिरूर तालुक्यातली टाकळी हाजी. तिथं मळगंगा देवीचं ठाणंही आहे. काळ्या कातळात पाण्यानं घडवलेले रांजण, काही एवढाले की आत माणूस मावेल. खाली घोंगावत जाणारं पाणी. वाकून बघितलं की पोटात गोळा येतोच.

"याला तळच नाही," असं मुलांना कुणीतरी सांगतंच. सांगू द्या. मग तुम्ही विचारा: "एवढा गोल खड्डा केला कुणी?" उत्तर मोठं गमतीचं आहे. नदीचा प्रवाह खडकातल्या लहानशा खळग्यात भोवऱ्यासारखा फिरतो. त्यात अडकलेले गोटे हजारो वर्षं गरगर फिरत राहतात आणि जात्यात दाणे भरडावेत तसा खडक भरडून काढतात. पाणी ओसरलेल्या एखाद्या खळग्याच्या तळाशी ते गोटे अजून बसलेले दिसतात. ते दाखवलेत की "तळ नाही"ची भीती जाते आणि तिच्या जागी नवल येतं.

आश्विनात नदीला पाणी असतं आणि कातळ शेवाळलेला असतो, म्हणून इथं कडक व्हायलाच हवं. काठापासून लांब उभं राहायचं, मुलाचं मनगट धरायचं (नुसती बोटं निसटतात), आणि फोटोसाठी एक पाऊलही मागे सरकायचं नाही. डब्यात नव्या बाजरीची भाकरी, लसणाची चटणी आणि उकडलेल्या ओल्या शेंगा न्या. शेंगा स्वच्छ धुऊन, मीठ आणि चिमूटभर हळद घातलेल्या पाण्यात कुकरला तीन-चार शिट्ट्या द्या आणि त्याच पाण्यात मुरू द्या. सीताफळं न्यायची तर मुलांना बिया थुंकायला शिकवा. सीताफळाची बी फोडली किंवा वाटली की विषारी असते आणि डोळ्यात गेली तर इजा करते.

येताना सवड असेल तर मोराची चिंचोली करा. मोर सकाळी लवकर आणि उन्हं कलताना दिसतात. पावसाळा सरता सरता मोराचा पिसारा झडतो, तेव्हा आश्विनात लांब शेपट्यांचा थाट नसेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर वाटेतच रुसवे!

अंगात आलं तर

नवरात्रात देवळात, गोंधळात किंवा आरतीच्या वेळी संबळ घुमू लागतो, दिवट्या पेटतात, आणि एखाद्या बाईच्या अंगात येतं. केस सुटलेले, डोळे फिरलेले, घुमणं सुरू. मुलं भूतबंगल्यापेक्षा याला जास्त भितात, कारण ही बाई ओळखीची असते. कालच तिनं त्यांना पेरू दिलेला असतो!

अशा वेळी मुलाला ओढत नेऊ नका आणि हसूही नका. जरा बाजूला घेऊन साध्या शब्दांत सांगा: "काकूंना वाजंत्रीच्या तालात भान राहिलेलं नाही. थोड्या वेळानं त्या शांत बसतील, मग आपण त्यांना पाणी देऊ." आणि खरंच पाणी द्या, मुलाच्या हातानं द्या. काकू "दमले रे बाबा" म्हणून हसल्या, की मुलाच्या मनातलं भूत उतरलं.

पण याच ठिकाणी एक रेघ आखायला हवी. भूत उतरवायचं म्हणून एखाद्या सुनेला कुणी बांधू लागला, मारू लागला, मिरच्यांची धुरी देऊ लागला, तर ती श्रद्धा नव्हे, तो गुन्हा आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांची हत्या झाली. या कायद्यात असल्या छळाला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. झोप न येणं, एकटक बघत बसणं, बाळंतपणानंतर सारखं रडू येणं ही आजाराची लक्षणं असू शकतात. तिथं मांत्रिक काय कामाचा? डॉक्टर हवा. आपल्या ओळखीत असं काही दिसलं तर "त्यांच्या घरचं आहे" म्हणून तोंड फिरवू नका, एवढंच सांगणं.

खरा वाघ

आता जरा जड विषय. आपल्या भागात त्या म्हातारीचा वाघ गोष्टीत राहिलेला नाही. जुन्नर, आंबेगाव, खेडपासून आपल्या शिरूरपर्यंत उसाच्या फडांत बिबटे राहतात, दौंडच्या ऊसपट्ट्यातही दिसतात. उंच ऊस म्हणजे त्यांना रानच. आडोसा आहे, पाणी आहे, मादी तिथं पिल्लं घालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोड सुरू झाली की आडोसा जातो आणि बिबट्या वस्त्यांजवळ जास्त दिसू लागतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे जीव गेले, एक वृद्ध बाईही गेली. त्या घरांत दिवाळीला काय झालं असेल, ते आयांना सांगायला नको.

म्हणून कळवळून एक मागणं आहे. "जेव, नाहीतर बागुलबुवा येईल," "झोप, नाहीतर बिबट्याला बोलवीन" हे सोडून द्या. घास भरवायला, झोपवायला, अभ्यासाला बसवायला भीतीचा चाबूक वापरू नका. रोज रात्री खोटा बिबट्या बोलावला, की मूल दोनांपैकी एक गोष्ट शिकतं. एकतर ते सगळ्यालाच भिऊ लागतं, शेजघरातून न्हाणीघरापर्यंत एकटं जात नाही. नाहीतर त्याला कळून चुकतं की आई नुसतं म्हणते, येत कुणीच नाही. मग ज्या संध्याकाळी तुम्ही खरोखर जीव तोडून ओरडाल, "आत ये, बिबट्या!" त्या संध्याकाळी ते अंगणातच खेळत राहील. "लांडगा आला रे आला"ची गोष्ट आपण मुलांना सांगतो. तिच्यातला तो पोरगा पुष्कळदा आपणच असतो.

खऱ्या भीतीची शिकवण शांतपणे, दिवसाउजेडी द्यावी. दिवेलागणीला मुलं घरात. उसाच्या कडेला एकट्यानं जायचं नाही, तिथं शौचाला बसायचं नाही. अंधारात निघावंच लागलं तर दोघं-तिघं मिळून, हातात विजेरी आणि मोठ्यानं बोलत. अंगणात दिवा असावा, कुत्री-करडं रात्री बंद गोठ्यात असावीत, खरकटं उघड्यावर टाकू नये, कारण त्यानं कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून तो. दिसला तर पाठ फिरवून धावायचं नाही, आणि बघायला गर्दी करायची नाही. लगेच वनखात्याला कळवायचं. हे सांगताना आवाज चढवू नका, डोळे मोठे करू नका. रस्ता ओलांडायला शिकवतो ना, तसं शिकवा. एक शब्द फक्त खऱ्या संकटासाठी राखून ठेवा आणि तो गमतीतसुद्धा वापरू नका. तुम्ही शहरात राहत असलात, उसाशी तुमचा संबंध नसला, तरी हे लागू आहेच. बिबट्याच्या जागी विजेची तार, विहीर किंवा भरधाव ट्रक घाला.

भोंडला: आपला स्वतःचा खेळ

मुलांचं खूप झालं. आता आपलं! या महिन्यात भिऊन हसायचा एक खेळ बायकांनी स्वतःसाठी केव्हाच शोधून ठेवला आहे, तो म्हणजे भोंडला. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य हस्त नक्षत्रात जातो, तेव्हा हादगा बसतो. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा. कुठे सोळा दिवस, कुठे नवरात्राचे नऊ. खानदेश-विदर्भात याच सुमारास भुलाबाई येते.

त्या गाण्यांत काय आहे, जरा आठवून बघा. सासू आहे, नणंद आहे, माहेरी पाठवायला टाळाटाळ आहे, खुळा नवरा आहे. कोवळ्या वयात सासरी आलेल्या मुलीला ज्याची ज्याची धास्ती, ते सगळं गाण्यात येतं आणि फेर धरून त्याच्यावर हसायचं असतं. ज्याची भीती वाटते त्याचं नाव दहा जणींच्या मध्ये, हातात हात धरून, मोठ्यानं घ्यायचं! आपल्या आज्या काही मानसशास्त्र शिकल्या नव्हत्या, पण वाघ आणि भोपळा दोन्ही त्यांना ठाऊक होते.

आता कुणी म्हणेल, सासवा बदलल्या, सुना नोकरीला जातात, भोंडला कशाला? आजच्याही धास्त्या काही कमी नाहीत. घराचा हप्ता, मुलीचा बारावीचा निकाल, स्वतःच्या तपासणीचा कागद. मग चालीवर नवी कडवी रचा. हप्त्यावर रचा, मोबाईलवर मान मोडून बसलेल्या यजमानांवर रचा. सासूबाईंनाही फेरात घ्या आणि सुनांवरची दोन कडवी त्यांना म्हणू द्या. फिटंफाट झाली की घर हलकं होतं.

आणि खिरापत! झाकलेला डबा हलवून आत काय ते ओळखायचं. गंमत म्हणजे आयर्लंडमध्येही हॅलोवीनला मनुका घातलेला पाव करून त्यात अंगठी दडवतात. जिच्या तुकड्यात निघेल तिचं लग्न वर्षाच्या आत! झाकलेलं काय आहे याची हुरहूर सगळ्या बायाबापड्यांना सारखीच. डबा वाजू नये अशी खिरापत करा, म्हणजे ओळखणाऱ्यांची दमछाक होईल: भोपळ्याचे घारगे, शिंगाड्याचा शिरा किंवा रताळ्याचा गोड कीस. रताळ्याचा कीस तुपावर परतून, झाकून वाफ आणावी. मऊ झाला की गूळ, खोबरं, वेलदोडा. पंधरा मिनिटांत काम फत्ते.

कारीट आणि पणती

महिन्याच्या शेवटी नरकचतुर्दशी. गोव्यात आदल्या रात्री गावोगावी नरकासुराचे भले थोरले पुतळे उभे करतात, दात विचकलेले, डोळे वटारलेले. रात्रभर वाजतगाजत फिरवतात आणि पहाटेच्या आत जाळून टाकतात. मुलांच्या भीतीच्या सणाला याहून मोठा थाट कुठला? तेव्हा बंड्याला सांगा, पुण्याच्या सोसायटीतल्या बादल्या राहू देत, आपला नरकासुर बघ. जुन्या पेपरांचा, बांबूच्या कामट्यांचा लहानसा नरकासुर अंगणात मुलांना करू द्या. जाळताना पाण्याची बादली आणि मोठं माणूस जवळ असू द्या. नायलॉनचे कपडे नकोत.

मग अभ्यंगस्नान, आणि दारात कारीट. ते इवलंसं कडू फळ पायाच्या अंगठ्यानं फोडायचं आणि रस जिभेला लावायचा. मुलं तोंडं वेडीवाकडी करतात आणि लगेच फराळाच्या ताटाकडे धावतात. आधी कडू, मग गोड. कथेत म्हटलंय, नरकासुराला मारल्यावर त्याच्या बंदीतून सोळा हजार स्त्रिया सुटल्या. धाक दाखवणारा गेला, की आधी बायकाच मोकळ्या होतात!

तेव्हा यंदा बंड्यानं विचारलं, "आई, आपल्याकडे भुतांचा सण का नाही?" तर त्याला गप्प करू नका. हातात भोपळा आणि कोळसा द्या आणि म्हणा, "काढ बघू डोळे." संध्याकाळी तो दिवा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवा, त्याच्याशेजारी एक पणती. घारगे होईपर्यंत त्याला कुशीत घेऊन म्हातारीची गोष्ट सांगा. वाघ आला की आवाज खोल करा, आणि त्याचा हात मात्र घट्ट धरून ठेवा.